गावाला गेल्यावर दाखवू

डॉक्टरांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा केला आणि पेनाच्या टोकाने ऋचाच्या खालच्या दातांजवळची रेघ दाखवली. "हड्डी यहाँ तक होनी चाहिए थी. अब यहाँ है."

ऋचा माझी मुलगी, चोवीस वर्षांची. एकाही दाताला कीड नाही.

आजाराचं नाव पेरिओडोन्टायटिस. हिरड्यांच्या आत खोलवर जंतुसंसर्ग होतो आणि दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं. तरुण वयात तो कधीकधी फार वेगाने वाढतो, आणि बहुधा दुखत नाही. हे 'दुखत नाही' लक्षात ठेवा.

ब्रश करताना रक्त येतं, हे ऋचाने बरंच आधी सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, गावाला गेल्यावर दाखवू. यांची विम्यातली बदलीची नोकरी. दात, चष्मे, ब्लाउज शिवणं, सगळं सांगलीच्या सुट्टीवर ठेवायची आमची पद्धत. तिथे 'आपले' डॉक्टर आहेत. त्या दिवाळीत ऋचाला रजा मिळाली नाही. पुढची यायच्या आत तिचा समोरचा दात हलायला लागला, तेव्हा कुठे इथे जयपूरच्या मानसरोवरमधल्या या डॉक्टरीणबाईंकडे आलो.

"हाड परत येईल ना?" मी मराठीतच विचारलं. घाबरले की मला हिंदी सुचत नाही. त्यांना कळलं.

"आंटीजी, जो गया, वो ज़्यादातर वापस नहीं आता. जो बचा है, उसे बचाएँगे."

आधी हिरडीखालची खोल सफाई, मग फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून मुळं साफ करून पुन्हा टाके. चार बदल्यांचं सामान मी एकटीने बांधलंय. इथे बाहेरच्या खुर्चीवर बसून फक्त पर्स उघडत होते, बंद करत होते.

ऋचा बधिर ओठांनी बाहेर आली. "आई, असं नको ना बघू. मतलब, मेले नाहीये मी."

तो दात अखेर काढावाच लागला. तिथे आता खोटा दात आहे. बाकीचे सध्या टिकून आहेत. 'सध्या' हा शब्द डॉक्टरांचा. दर तीन महिन्यांनी तपासणी, कायमची. त्या स्वतः फोनवर आठवण करून देतात, त्यांचे उपकार आहेत.

हिरडीतून रक्त आलं तर जिथे राहता तिथेच दाखवा. बदलीचं गाव असलं तरी.

यंदा सांगलीत जाऊबाईंनी विचारलं, "डॉक्टरांकडे नंबर लावू का गं?"

"नको. आमच्या डॉक्टर जयपूरला आहेत."

"बघा, आई जयपूरकर झाली!" ऋचा हसली. हात अजूनही आधी तोंडावर जातो.