डोळ्यातला कापूस

इंदूरच्या कापडमिलमध्ये शंकररावांनी सत्तावीस वर्षं माग चालवला. मागावर डोळ्यात कापसाचा कण जाणं रोजचंच. डोळा चोळायचा नाही, शेजारच्या मागवाल्यापुढे तोंड करून उभं राहायचं. तो सुताची ओली वात फिरवून कण काढायचा. घरी हे काम बायकोचं, इंदुमतीचं. ती पदराच्या टोकानं काढायची.

मिल बंद पडली, भोंगा थांबला, पण डोळ्यांतली खरखर काही थांबेना. शंकररावांनी ठरवूनच टाकलं, मिलचा कापूस अजून आत बसलाय. शुगर निघाली होती, गोळ्या मनाला येईल तशा चालल्या होत्या; पण शुगरचा डोळ्यांशी काही संबंध असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. रोज शिफ्ट सुटायच्या वेळेला नळाखाली डोळे धुवायचे आणि म्हणायचे, निघेल हळूहळू. आता काय बोलावं या माणसाला!

मग इंदुमती गेली, चार दिवसांच्या तापानं. सगळी चाळ रडली, शंकरराव मात्र कोरडे. तेराव्यानंतर निघताना त्यांची एकुलती लेक मंजिरी उंबऱ्यात थांबली.

"बाबा, आईसाठी एक टिपूसही नाही?"

देपालपुरला सासरी गेली ती दीड वर्ष फिरकली नाही. शंकररावांना तिचा राग आला नाही. वाईट हे, की त्यांना तिचं पटलं. तीस वर्षं संसार केला आणि आपल्याला इंदूबद्दल काही वाटतच नव्हतं की काय? हा किडा डोक्यात शिरला तो निघेना. एकट्यापुरता कुकर लावताना, एकच ताट धुताना, सोबतीला तेवढाच.

पुढे खरखरही थांबली. सुटलो एकदाचे, असं त्यांना वाटलं. पण शेजारच्या रमाबाईंना त्यांच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, आणि त्यांनी हाताला धरूनच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली, पाच मिनिटांनी काढली. पट्टी ठणठणीत कोरडी. ठिपका म्हणजे जखम होती, आणि ती त्यांना दुखलीसुद्धा नव्हती. शुगरनं बुबुळाची जाणीवच बोथट केलीय, अश्रूंच्या ग्रंथीही सुकवल्यात, असं बाईंनी समजावलं.

"कापूस-बिपूस काही नाही, बाबूजी. तुमच्या डोळ्यांत पाणीच बनत नाहीये."

शंकररावांनी एकच विचारलं, "दीड वर्षापूर्वीही बनत नसेल का?"

खरखर त्याच्याही आधीची ना, मग तेव्हाही नसणारच, असं बाई म्हणाल्या आणि थेंबांची बाटली लिहून दिली.

बाटली राहिली बाजूला, शंकरराव तडक एसटीडीच्या दुकानात शिरले. देपालपुरचा नंबर पाठ होता. दीड वर्षात लावला मात्र नव्हता. फोन मंजिरीनंच उचलला.

"मंजी, डोळ्यांना पाणीच नव्हतं ग. आज डॉक्टरनं बघितलं. दुःख होतं मला. फार होतं."

तिकडून हुंदका आला, आणि मग ती रडतच राहिली. शंकररावांनी तिला गप्प केलं नाही. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ते ऐकत राहिले. दोघांच्या वाटचं तीच रडत होती.