व्हेरी गुड लिहिलेली वही

पंधरा वर्षं मी वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौरस्त्याजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवते आहे आणि पंधरा वर्षं दहावीची पोरं "व्हाय यू डिड नॉट कम?" असंच विचारत आली आहेत. डिडन्ट आधी, यू नंतर! फळ्यावर लिहा, शंभरदा म्हणून घ्या, दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी. डोकं उठायचं ते यासाठी की आपल्या बोलीत हीच पोरं नकाराशिवाय प्रश्नच विचारत नाहीत. "मॅडम, आज शिकवत नाई का?" "मॅडम, तब्येत बरी नाई का?" तिथे कुणाला नियम लागत नाही.

पण एका वर्षी माझी चिडचिड नुसती इंग्रजीवरची नव्हती. वर्गात एक फार हुशार मुलगी होती. तिला अकरावीला वर्ध्याला सायन्स घ्यायचं होतं. तिच्या वडिलांचं चौरस्त्यावर चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं आणि दहावीनंतर पोरीनं तिथेच कामाला लागायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन रडली.

"मॅडम, तुम्ही सांगान तं बाबा ऐकतीन."

"उद्याच बोलते," मी म्हटलं.

वर्ध्याची परतीची बस मी रोज त्याच हॉटेलासमोर पकडायची. मला पाहिलं की तिचे बाबा फडक्यानं बाक पुसायचे. "चहा नाई घेत का मॅडम?" पैसे काढले तर हात जोडायचे. अशा माणसाच्या बाकावर बसून, त्याचाच चहा पिऊन, पोरीला पुढे का शिकवत नाही, असं तोंड वर करून कसं विचारायचं? त्यात मुख्याध्यापकांनी बजावलं, "लोकायच्या घरच्या गोष्टीत काऊन पडता मॅडम?" मला तेवढं निमित्त पुरलं. कधी गिऱ्हाइकांची गर्दी असायची, कधी बस लवकर यायची. खरं म्हणजे मी भित्री निघाले. मुलगी पहिल्या बाकावरून नुसती बघायची आणि मी तिची नजर चुकवून मागच्या बाकांना शिकवायची.

जानेवारीत वैतागून गृहपाठ दिला. 'व्हाय डिडन्ट यू'नं सुरू होणारी दहा वाक्यं, पुस्तकातली नकोत, मनानं लिहा. चाळीस वह्या आल्या. एकीत डिडन्ट गायब, दुसरीत यू आधी, तिसरीत तर दोन्ही दोनदा! लाल पेन आपटून मी उठले, पुन्हा बसले. मग तिची वही हाती लागली. दहाची दहा वाक्यं बरोबर. एव्हाना मी वाचत नव्हतेच, शब्द जागेवर आहेत की नाहीत एवढंच बघत होते. भराभर खुणा केल्या आणि खाली 'व्हेरी गुड' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तीच वही घेऊन फळ्याशी गेले. "हिला येतं, मग तुम्हाला का येत नाही? हिचं शेवटचं वाक्य लिहिते. सगळ्यांनी उतरवून घ्या."

लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. व्हाय डिडन्ट यू टॉक टू माय फादर, मॅडम? तुम्ही माझ्या बाबांशी का बोलला नाहीत?

'मॅडम' लिहून झालं तेव्हा कुठे मला ते वाक्य कळलं.

मागे वळले. ती खाली मान घालून बसली होती. तिनं मला चारचौघांत टोमणा मारला नव्हता. मॅडम घरी नेतील, एकट्या वाचतील, म्हणून तिनं ते शेवटी लिहिलं होतं. आणि मी त्याला व्हेरी गुड दिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं डस्टर उचललं.

"पुसू नका ना मॅडम," वर्ग ओरडला, "आमचं लिहून नाई झालं!"

मी डस्टर ठेवून दिलं. सगळे उतरवून घेत होते. तीसुद्धा.