चित्राचं सॉफ्टवेअर परत आत घेतलं

मित्रांनो, शाळांतल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी आमी जे लिनक्स, म्हंजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, बनवून राहिलो, त्यातून मी चित्र काढायचं सॉफ्टवेअर उडवलं होतं. साइज कमी व्हावी म्हणून. ज्याला पाहिजे तो डाउनलोड करील!

आज सिद्धेश्वर गावाजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत कॉम्प्युटरवर आमचं लिनक्स टाकलं. गुरुजींनी मेनू पाहिला. "सर, चित्राचं काहून काढलं? आमची लेकरं माउस धरायला त्याच्यावरच शिकतात."

"डाउनलोड करून घ्या ना, गुरुजी."

ते हसले. "इथं नेटसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतंय."

तिथंच सॉफ्टवेअरची यादी बदलली. चित्राचं परत आत घेतलं, माझ्या लाडाची प्रोग्रामिंगची दोन सॉफ्टवेअरं काढली. ज्याला प्रोग्रामिंग करायचंय, तो चढंल टाकीवर.

बराबर केलं का न्हाई?