चहात घातलेली पुडी

आमच्या आईला खोटं बोलता येत नाही. चांगुलपणा वगैरे काही नाही, तिला ते जमतच नाही. नको असलेल्या पाहुण्याला ती "बसा की अजून" म्हणते तेव्हा तिच्या तोंडावर "उठा आता" असं स्वच्छ वाचता येतं. अशा बाईला तीन शिकलेल्या माणसांनी लॅपटॉपच्या पडद्यावरून, अगदी सभ्य भाषेत, खोटारडी ठरवलं. त्यातला एक तर हसला. ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

माझा धाकटा भाऊ फुटबॉल खेळायचा. गल्लीतला नव्हे, पगारी. बाळकुममध्ये आता जिथे टॉवर उभे आहेत तिथल्या मोकळ्या जागेत अनवाणी खेळून खेळून तो व्यावसायिक क्लबात गेला, बचावफळीत. वडील कोकणातून येऊन कोलशेतच्या कारखान्यात लागलेले. ते होते तोवर म्हणायचे, "लाथा मारून कोणाचं पोट भरतं का रे?" भरलं की! बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये लोक त्याच्यासोबत सेल्फी काढायचे. मी कोलशेत रोडला ब्यूटी पार्लर चालवते. माझ्याकडे भुवया करायला येणाऱ्या बायका, ज्यांना ऑफसाईड म्हणजे काय ते या जन्मात कळणार नाही, त्याही मॅचचं काय झालं म्हणून विचारायच्या.

औषधांच्या बाबतीत तर तो इतका काटेकोर की वैताग यायचा. क्लबात त्यांच्याकडून घोकून घेतलेलं, तुझ्या अंगात जे सापडेल त्याला तूच जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, चुकून गेलं, कारणं सांगायची नाहीत. नाक गळत असलं तरी आधी गोळीच्या पाकिटाचा फोटो क्लबच्या डॉक्टरला जायचा, तिकडून होकार आला की मग गोळी. आई चिडायची. "मेल्या, ताप आलाय की परीक्षा आलीय?" म्हणायची.

त्या मोसमात त्याचा घोटा सुजला. डॉक्टरने बर्फ लावायला सांगितला, पट्टी बांधली. कोचने एवढंच म्हटलं, "रविवारी उभा राहतोयस ना?" हा प्रश्न नव्हता. अकादमीतून वर आलेला एक नवा पोरगा त्याच्या जागेसाठी टपून बसलेला, आणि माझा भाऊ तिशीला टेकलेला. एक मॅच हुकली की जागा गेली. तो उशीवर पाय ठेवून घरी पडून होता आणि छताकडे बघत होता. आईला ते बघवेना.

आणि आईकडे पुड्या होत्या.

आंबिवलीला एक वैद्यबुवा आहेत. हाडं बसवतात, सांध्यांचं बघतात. आमच्या बिल्डिंगमधल्या पाच-सहा बायका मिळून त्यांच्याकडे जातात, सहल निघाल्यासारख्या, डबे घेऊन. बुवा नाडी बघतात आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या करड्या पावडरीच्या पुड्या देतात. आत काय आहे ते विचारायचं नाही. विचारलं की गुण जातो म्हणे. आईचे गुडघे असे की एक जिना चढायला तिला कठड्याला लोंबकळावं लागायचं. त्या पुड्यांनी ती चक्क चालायला लागली. तेव्हापासून आमच्या घरात बुवा म्हणजे देव. आणि आमच्या घरात एकाचं औषध हे सगळ्यांचं औषध. वडिलांच्या खोकल्याच्या बाटलीवर आम्ही सगळे वाढलो.

आईने त्याला पुडी दिली असती तर त्याने घेतली नसती. तिला ते ठाऊक होतं. म्हणून तिने ती चहात घातली. लहानपणी तो जंताचं औषध थुंकून टाकायचा तेव्हा ती असंच करायची, आलं जास्त, साखर जास्त, वास दाबून टाकायचा. बुधवारपासून तो शनिवारी क्लबात परत जाईपर्यंत सकाळ-संध्याकाळ तिने त्याला तो चहा पाजला. तो एकदा म्हणाला पण, "आई, आलं केवढं घातलंयस!" ती म्हणाली, "सूज उतरते आल्याने." आणि सूज खरंच उतरली की! शनिवारी तो आमच्या पॅसेजमध्ये उड्या मारत होता आणि आई देवापुढे उभी राहून हात जोडत होती.

रविवारी तो पूर्ण वेळ खेळला. मॅच संपल्यावर लघवीच्या तपासणीसाठी नेमकं त्याचंच नाव निघालं. तो बिनधास्त गेला. घरी येऊन नक्कलही करून दाखवली, नमुना घेणारा माणूस कसा समोर उभा राहून डोळे न मिटता बघत असतो ती. आम्ही पोट धरून हसलो. आई सगळ्यात जास्त हसली.

सोमवारी आईने आणखी एक काम केलं, आणि आमचं जे काही वाटोळं झालं ते तिथे झालं. बुवांचा नियम असा, की ज्याने पुडी घेतली त्याला पूर्ण गुण आला की उरलेल्या पुड्या घरात ठेवायच्या नाहीत, कचऱ्यात टाकायच्या नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायच्या. नाहीतर दुखणं परत येतं. आईने निर्माल्याची पिशवी घेतली, त्यात होत्या नव्हत्या त्या सगळ्या पुड्या घातल्या, स्वतःच्या गुडघ्यांच्यासुद्धा, आणि खाडीत सोडून आली. "माझं काय गं, मी आणीन परत," म्हणाली. "त्याचा पाय राहू दे चांगला."

काही आठवड्यांनी तपासणीवाल्यांनी कळवलं, लघवीत स्टेरॉईड सापडलं. मॅचच्या दिवशी अंगात चालत नाही अशातलं. त्याला तडकाफडकी बंदी, पुढची चौकशी होईपर्यंत. क्लबने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की असल्या गोष्टींना आमच्याकडे थारा नाही. "रविवारी उभा राहतोयस ना" म्हणणाऱ्या कोचने फोन उचलला नाही. तो अजूनही उचललेला नाही. माझा भाऊ दिवसभर आठवत बसला, काय खाल्लं, कुठे खाल्लं, प्रोटीनचे डबे, हॉटेलातलं जेवण, अगदी टूथपेस्टसुद्धा. मी पण त्याच्यासोबत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "मी पुडी घातलेली रे चहात."

मग मी बोलले. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भावाने माझा हात धरला आणि म्हणाला, "ताई, बस झालं." ती उभीच होती, पदर मुठीत धरून.

आम्ही धरलेल्या वकिलांनी समजावून सांगितलं. अशा पुड्यांत सर्रास स्टेरॉईड कुटून घालतात, म्हणूनच तर बायका टणाटण चालतात. औषध अंगात कुठून आलं हे पुराव्याने दाखवलं आणि त्याचा दोष फारसा नव्हता हे पटलं, तर शिक्षा काही महिन्यांवर येऊ शकते. नाही दाखवता आलं तर दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे खेळ संपला. त्या वयाच्या बचावपटूला दोन वर्षांनी कोणी दारात उभं करत नाही. "एक पुडी आणा," वकील म्हणाले. "लॅबमध्ये तपासू."

पुडी! सगळ्या पुड्या खाडीत.

मी आईला घेऊन आंबिवलीला गेले. बुवांना बातमी आधीच लागलेली. ते आईकडे न बघता म्हणाले, "माझ्याकडे झाडपाल्याशिवाय काही नसतं. आणि तुमच्यासाठी आता काहीच नाही." मी आवाज चढवला तेव्हा रांगेतले लोक माझ्यावर धावून आले. आई बाहेर पायरीवर बसलेली, तिला उठता येईना.

मग बिल्डिंगमधल्या त्या बायका. सहलीच्या मैत्रिणी! प्रत्येकीच्या डब्यात पुड्या होत्या, हे मला माहीत, त्यांना माहीत, देवाला माहीत. मी दारोदार फिरले. एक पुडी द्या हो, एक. एकीने सांगितलं संपल्या. एकीने सांगितलं मी कधी घेतच नव्हते. तिच्या टाचांना मी स्वतः पेडिक्युअर करताना तिने पुड्यांची पारायणं केलेली! एकीने निदान खरं सांगितलं, "बुवांना कळलं तर आमच्या बंद होतील गं. मग आम्ही काय करायचं?" ज्या भावासोबत लिफ्टमध्ये दात काढून फोटो काढले त्याच्यासाठी चिमूटभर राख सुटली नाही यांच्या हातून. हात आखडले ते आखडलेच.

बाहेरच्या देशांतल्या बातम्या मी तेव्हा वाचत बसायचे. फुटबॉल, रग्बी, सगळीकडचे मोठे खेळाडू सापडतात, सगळ्यांच्या अंगात ते "चुकून" गेलेलं असतं. त्यांच्याकडून शास्त्रज्ञ येतात, डोक्याचे केस तपासतात, डबे तपासतात, आणि शिक्षा उतरते. उतरू दे. असतीलही ते खरे. पण आमच्याकडे शास्त्रज्ञ नव्हता. आमच्याकडे आई होती.

सुनावणी लॅपटॉपवर झाली, माझ्या पार्लरमध्ये, कारण तिथलं वायफाय बरं. आईने लग्नाकार्यातली साडी नेसली, आरशासमोरच्या खुर्चीवर बसली. पडद्यावर निकाल देणारे तिघं. दुभाषी होता. आईने सगळं सांगितलं, आलं किती घातलं तेसुद्धा. त्यांनी विचारलं, पुड्या कुठे आहेत? आई म्हणाली, खाडीत सोडल्या. का? गुण आला म्हणून. दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा मधला तो हसला. मग त्याने विचारलं, तुमच्या मुलाला माहीत होतं ना, तुम्ही न सांगता औषध घालता? आई म्हणाली, "लहानपणी घालायचे." मग त्याने तुम्हाला बजावायला नको होतं का? घरच्यांना सांगून ठेवणं ही खेळाडूचीच जबाबदारी आहे. आईला प्रश्नच कळला नाही. पोरगा आईला बजावणार, की मला चहात काही घालू नकोस? कुठल्या घरात?

शेवटी ती एकच म्हणाली. "मला काय शिक्षा करायची ती करा. त्याने नुसता चहा प्यायला." आणि हात जोडले, लॅपटॉपला.

निकाल वकिलांनी फोनवर सांगितला. मी आणि भाऊ खाली पार्किंगमध्ये उभे होतो. दोन वर्षं. स्रोत सिद्ध झाला नाही. आईच्या साक्षीबद्दल लिहिलेलं, की आई मुलाला वाचवण्यासाठी असं सांगणं स्वाभाविक आहे, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. म्हणजे आई आहे म्हणून खोटी! परकी बाई असती तर खरी असती. पण परकी बाई पहाटे उठून कोणाच्या चहात आलं किसते, सांगा ना मला.

अपील करायचं तर नवा पुरावा हवा, आणि नवा पुरावा कुठला? मी त्या पार्किंगमध्ये एका स्कूटरला लाथ मारली. भाऊ म्हणाला, "वर आईला मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस."

आई दारातच उभी. गुडघे धरून, भिंतीला टेकून. पुड्या बंद झाल्यापासून ती पूर्वीपेक्षा वाईट चालते. "काय म्हणाले?"

"दोन वर्षं," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. मग विचारलं, "आणि माझ्याबद्दल?"

"तुझं सगळं खरं मानलं, आई. लिहून दिलंय तसं. पण नियम म्हणजे नियम, त्यांचाही इलाज नाही."

"खोटी नाही ना म्हणाले?"

"नाही गं."

ती खुर्चीवर बसली. रडली, पण वेगळं रडली. नंतर मी त्याला गॅलरीत धरलं. कशाला, म्हटलं, कशाला त्या लोकांना चांगलं ठरवलंस? त्यांनी तुझी दोन वर्षं खाल्ली आणि तू त्यांची अब्रू राखतोस? तो म्हणाला, "त्यांची नाही राखली, ताई." आणि आत जाऊन आईला म्हणाला, "चहा टाक. आलं घाल भरपूर."

आता तो खाडीच्या रस्त्याला एकटाच धावतो. क्लबासोबत सराव करायलाही बंदी आहे, पोरांना शिकवायलाही. आणि आई दुपारी माझ्या पार्लरमध्ये येऊन बसते, घरी करमत नाही म्हणून. जी बाई खुर्चीत येईल तिला ती सांगते. बिल्डिंगमधल्या त्या पुडीवाल्या बायकांनाही सांगते, आणि त्या माना डोलावतात. "पोराला शिक्षा झाली हो, पण माझं खरं मानलं त्यांनी. लिहून दिलंय." मग खुर्चीतली बाई वर माझ्याकडे बघून विचारते, हो का हो? माझ्या तोंडात अशी आग उसळते की काय सांगू. पण मी तिच्या भुवया करत असते, दोऱ्याचं टोक दातात घट्ट धरलेलं असतं. मी मान हलवते. हो.