शेजारच्या काकूंची करवत

नागावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंची अर्धी वाडी वादळात आडवी झाली, तेव्हा त्यांनी पेट्रोलवर चालणारी करवत विकत घेतली आणि ती रीतसर चालवायला शिकल्या. आता हेल्मेट आणि जाड बूट घातल्याशिवाय त्या मशीनला हात लावत नाहीत. बोलणं मोजकं, पण आवाज खणखणीत.

परवा आमचा वाळलेला आंबा गोठ्यावर कलला. काकूंनी आंब्याला दोर लावून तो लांबच्या माडाला ताणून बांधला, बुंध्याला पुढून खाच घेतली आणि आम्हाला पार कुंपणापर्यंत मागे पाठवलं. मागचा काप सुरू करणार, एवढ्यात माझे मेहुणे मोबाईलवर व्हिडिओ काढत पुढे सरकले. काकूंनी मशीन बंद केलं.

"पाहुणे, मागे व्हा."

"अहो, दोन मिनिटांचं तर काम!"

"माणूस मरायला तेवढी पुरतात."

मेहुणे तोंड पाडून मागे आले. मग काकूंनी मागचा काप घेतला. झाड मोकळ्या जागेत कोसळलं, पण शेंड्याची एक वाळकी फांदी तुटून नेमकी ते मघाशी उभे होते तिथेच आदळली. मेहुण्यांनी मोबाईल खिशात घातला.

काकूंनी मशीन थांबवलं, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "पाहुणे, या आता. दोर सोडायला मदत करा."