सहावी ओळ गळायची

रॉकेलचा वास आला की मला रॉकेलनं खिळे धुणारा, साठ सालच्या आसपासचा अकोल्याच्या जुन्या शहरातला छापखाना आठवतो. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा, माय शेतात निंदायला जायची, आणि माझं कॉलेज चालायचं ते छापखान्यातल्या सकाळच्या जुळणीवर, म्हणजे एकेक अक्षर लावून ओळी रचायच्या कामावर. एके दिवशी एका लग्नपत्रिकेचं पान चौकटीत आवळून उचललं की दर वेळी सहाव्या ओळीतले शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, खाली पडत. मी ती ओळ तीनदा नव्यानं जुळवली, तीनदा ती गळाली. मालक म्हणाले, "दहाच्या आत पान मशीनवर नाही चढलं, तर उद्यापासून येऊ नको." शेजारचा म्हातारा जुळारी तंबाखू मळत हसला. "काबे कॉलेजवाल्या, जे पडते त्यालेच काहून धरून बसला? जे पडत नाही ते पाह्य ना!" मी सातव्या ओळीवरून अंगठा फिरवला. ती केसभर लांब होती. आवळण्याचा सगळा जोर तीच घेत होती, म्हणून सहावी ढिली राहत होती. सातवीत दोन शब्दांमध्ये घातलेली एक पातळ पट्टी काढून पान पुन्हा आवळलं, उचललं. एकही खिळा पडला नाही. "जमलं बे," म्हातारा म्हणाला. काम टिकलं. पुढं दोन वर्षं मी तिथंच जुळणी केली आणि बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, हे मी आजही अभिमानानं सांगतो.