मॅडम, फ्लो वाढवू का?

ज्या लॅबमध्ये निम्मं काम म्हणजे थेंब पडायची वाट बघणं, तिथं किस्से साचणारच की हो! लोक विचारतात, तुम्ही काम करता का गप्पा हाणता? दोन्ही करतो.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट. तपासणीच्या किटसाठी अँटिबॉडी शुद्ध करून द्यायची. पहिली मोठी ऑर्डर मिळाली तर युनिट राहणार, नाहीतर कुलूप, आणि आम्ही सगळे पुण्याच्या बसमध्ये! सगळी भिस्त कडेगावच्या जाधव मॅडमवर. बाईंना मी मनापासून मानतो, आधीच सांगून ठेवतो.

*

आमचा सांगलीचा संदीप नवीन होता. कॉलम म्हणजे बारीक मण्यांनी भरलेली काचेची नळी. वरून द्रव हळू सोडला की ते मणी फक्त आपली अँटिबॉडी धरून ठेवतात, बाकीचं खाली वाहून जातं. पठ्ठ्यानं माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा बघितला आणि तोच फ्लो, म्हणजे द्रव सोडायचा वेग, लावला. प्रेशरचा अलार्म कोकलायला लागला!

मॅडम म्हणाल्या, "गाडीच्या काट्यावर एकशे साठ लिहिलंय, म्हणून पोवई नाक्यावर तेवढी पळवतोस का रं?"

*

गेटवरचे सुभेदारकाका एकदा कॉलमसमोर कंटाळले. "आवं मॅडम, लय हळू चाललंय की हे!"

"काका, पहारा उभं राहून देतात का पळत?"

काकांनी सॅल्यूटच ठोकला.

*

एकदा मात्र मॅडमनी स्वतःच फ्लो वाढवला. आम्ही बघतच राहिलो.

"चिकटायचं ते चिकटलं. आता नुसतं न चिकटलेलं धुऊन काढायचं. अँटिबॉडी काढताना परत हळू," म्हणाल्या.

*

आणि याच बाईंची स्कूटर! गेटातून अशी सुटते की काका भिंतीला चिकटतात. "आवं, हळू!" असं ते ओरडले, तर जाता जाता मॅडम म्हणाल्या, "काका, हिच्यात काय बी धरायचं न्हाई!"

*

मग तो दिवस आला. ऑर्डर देणारे पाहुणे आले होते. असलेली सगळी अँटिबॉडी कॉलमवर चढत होती. राखीव मालाची दुसरी बाटली नव्हतीच. मॅडम बफर, म्हणजे धुवायचं द्रावण, आणायला गेल्या आणि आमच्या मालकसाहेबांनी पाहुण्यांना जेवणाआधी काहीतरी दाखवावं म्हणून फ्लो वाढवला. खालून काय बाहेर पडतंय ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सरसर वर!

"आलं बघा!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. पण ती रेघ न चिकटता वाहून चाललेल्या मालाची होती.

मॅडम आल्या. एका नजरेत सगळं समजल्या. पंप थांबवला. खाली जमलेलं सगळं बाटलीत होतं, मॅडम एक थेंब कधी फेकू देत नाहीत. तीच बाटली परत वर लावली, फ्लो अगदी कमी केला.

"साहेब, पाहुण्यांना जेवायला न्या. सावकाश जेवू द्या."

मंडळी जेवून, पान खाऊन आली. मॅडमनी अँटिबॉडी काढायला घेतली. रेघ हळूहळू चढली, टोकाला गेली, उतरली. तपासलं, माल भरपूर आणि शुद्ध! पाहुणे म्हणाले, "ऑर्डर तुमची."

साहेबांनी दोन्ही हात वर केले, मध्येच थांबले आणि हळूच विचारलं, "मॅडम... आता वाजवू?"